उसन्या नेटवरचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

आजचे युग हे माहितीचे युग आहे, हे वाक्य आपण व्यासपीठावरून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही. मला मात्र गेली दोन वर्षे एक साधा प्रश्न पडत आला आहे. ही माहिती ज्या वाटेने घरात येते, ती वाट कुणाच्या मालकीची? नळ आपल्या घरात आहे, की शेजाऱ्याच्या नळावरून बादली भरून आणायची आहे? चेंबूरच्या वस्त्यांत वाढलेल्या कुणालाही या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आमच्या वर्गात लॅपटॉप असलेली मुले आता बरीच आहेत. कुणी लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतला, कुणाला मामाने ऑफिसातला निकाली निघालेला आणून दिला. परंतु लॅपटॉप आला म्हणजे घरी इंटरनेटची तार आली असे नाही. आमच्यापैकी बहुतेकजण मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतात आणि त्याला लॅपटॉप जोडतात. म्हणजे मोबाइलचाच मोडेम करतात. ही सोय उत्तम आहे यात वाद नाही. ती नसती तर माझा पहिल्या वर्षाचा एकही प्रकल्प वेळेवर गेला नसता. माझे म्हणणे निराळे आहे. घरोघरी मोबाइल आहे, मोबाइलमध्ये नेट आहे, तेव्हा विद्यार्थ्याच्या इंटरनेटचा प्रश्न सुटला, असे जे सर्वांनी गृहीत धरले आहे ते मला मुळीच मान्य नाही.

मोडेम हा शब्द मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर या दोन शब्दांची जोड आहे. संगणकाची शून्य-एकची भाषा तारेवरून किंवा हवेतून जाऊ शकेल अशा लहरींत घालायची आणि पलीकडे त्या लहरींतून पुन्हा शून्य-एक काढायचे, एवढेच त्याचे काम. आपल्या उपनगरांशी या यंत्राचा संबंध जुना आहे. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेला मोडेम लावून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. ‘अर्नेट’ या जाळ्याची ती सुरुवात, आणि हे जाळे शिक्षण व संशोधन यांसाठी होते. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातले वेगळे खाते होते. त्यावर चित्रे दिसत नसत, नुसती अक्षरे दिसत. अक्षरे तर अक्षरे! ‘विद्यार्थी’ नावाचा एक वेगळा माणूस असतो आणि त्याचा खिसा लहान असतो, हे त्या वेळी सरकारी कंपनीला ठाऊक होते याचेच मला अप्रूप वाटते.

मोबाइलचा मोडेम करण्याची गोष्टही आजची नव्हे. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमची सेवा सुरू झाली आणि २००३ च्या पावसाळ्यात तिचे हँडसेट ५०१ रुपये भरून मिळू लागले. त्यांतल्या काही हँडसेटना केबल लावून संगणकावर इंटरनेट घेता येई. कागदावरचा वेग सेकंदाला १४४ किलोबिटपर्यंत. ज्या घरात एम. टी. एन. एल. ची तार नव्हती त्या घरालाही इंटरनेट मिळू शकते, हे तेव्हा प्रथम पुष्कळांच्या ध्यानात आले असावे. २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत हॉटस्पॉट आणि केबलने जोडणी या दोन्ही सोयी फोनमध्येच आल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला की घराघरांत व्हिडिओ चालू लागले. तेव्हापासून ‘आता काय, सगळ्यांकडे नेट आहे’ हे पालुपद सुरू झाले, ते आजवर थांबलेले नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हाही पालुपद तेच राहिले.

आता हे ‘सगळ्यांकडे’ म्हणजे कुणाकडे, ते पाहू. आमचे घर लाल डोंगराच्या बाजूला, एका खोलीचे. माणसे चार, मोबाइल तीन. बाबा सुरक्षारक्षक आहेत. त्यांना रात्रपाळी असली की त्यांचा मोबाइल त्यांच्याबरोबर जातो. आईचा मोबाइल साधा, बटणांचा. तिसरा दादाचा. तो घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करतो. त्या मोबाइलवरच त्याची ऑर्डर येते, त्यावरच रस्ता दिसतो, त्यावरच पैशांचा हिशेब होतो. त्याच्या हातातले ते यंत्र म्हणजे सुताराच्या हातातला रंधा आहे. दादा कामावर असला की नेटही कामावर. तो रात्री अकराला घरी येतो, तेव्हा माझा अभ्यास सुरू होतो. दिवसाच्या दोन जीबीतले जे काय उरले असेल ते माझे, तेही बारा वाजेपर्यंत. बाराला नवा दिवस, नवा डेटा, पण तो दादाच्या उद्याच्या कामाचा. त्यातला मी रात्रीच संपवला तर भर दुपारी त्याची ऑर्डर अडणार!

“दादा, दहा मिनिटं नेट दे ना.”

“दिवसभर फोन हातात धरून आलोय गं. आता तो जरा चार्जिंगला लागू दे.”

यात दादाचे चुकते असे कुणी म्हणू नये. फोन तापलेला असतो आणि हॉटस्पॉट लावला की तो आणखी तापतो. वाय-फायऐवजी केबलने लॅपटॉपला जोडला तर थोडा चार्जही होतो आणि जोडणीही पक्की राहते, ही युक्ती मी वर्गात पुष्कळांना सांगितली आहे. दुसरी युक्ती म्हणजे लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडणीला ‘मीटर्ड’ करून ठेवणे. बिचाऱ्या लॅपटॉपला काय कळते की आपण उसन्या नेटवर आहोत! त्याला वाटते मालकाने घरी तार घेतली. मग तो आपले मोठमोठे अपडेट उतरवू लागतो आणि दिवसभराचा डेटा अर्ध्या तासात गट्टम होतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची कथा तर वेगळीच. महाडीबीटीवर अर्ज भरायचा, दाखले स्कॅन करून ठरावीक आकारात बसवायचे, आणि ऐन वेळी ओटीपी येणार तो आधारला जोडलेल्या क्रमांकावर. तो मोबाइल बाबांकडे, बाबा रात्रपाळीवर, नेट दादाच्या फोनचे आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर. तीन माणसे तीन ठिकाणी जागी असतील तर एक अर्ज भरला जातो. म्हणून आमच्या गल्लीतली मुले सरळ झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पन्नास-शंभर रुपये देऊन अर्ज भरून घेतात. शिष्यवृत्ती मिळण्याआधीच तिच्यापायी खर्च!

मागणे या गोष्टीबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. साखर उसनी आणली तर वाटी परत करता येते. नेट परत कसे करणार? शेजारच्या काकूंचा मुलगा पासवर्ड देतो, पण देताना हसून विचारतो, “काय बघायचंय एवढं?” प्रश्न साधा असतो, तरी उत्तर द्यावे लागते. मुलांना हा प्रश्न कमी विचारला जातो, मुलींना हमखास. ग्रंथालयातून पुस्तक घेताना ‘हे कशाला वाचतेस’ असे ग्रंथपाल विचारत नाहीत. ज्याचे नेट त्याला मात्र विचारण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो, आणि हळूहळू आपणही त्याला सांगता येईल तेवढेच शोधू लागतो.

केरळमधील एका निकालाची या ठिकाणी आठवण होते. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरण्यास मनाई होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. तीही बी. ए. ची, तिसऱ्या सत्राची, म्हणजे माझ्याच वर्षाची! ती उच्च न्यायालयात गेली आणि १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने सांगितले की, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे. तिला वसतिगृहात परत घ्यावे लागले. तिच्याजवळ मोबाइल होता आणि तो काढून घेतला जात होता. ज्यांच्या घरात तो मुळात दुसऱ्याच्या कामाचा आहे, त्यांच्यापर्यंत हा अधिकार कोणत्या तारेने पोहोचणार?

यावर कुणी म्हणेल, मुलांना रील बघायला डेटा पुरतो, अभ्यासाला तेवढा पुरत नाही काय? आक्षेप खोटा नाही. दुपारपर्यंत क्रिकेट आणि रीलमध्ये डेटा संपवून संध्याकाळी ‘सर, नेट नव्हते’ म्हणणारे वीर आमच्या वर्गातही आहेत. पण वाचनालयात दोघे झोपा काढतात म्हणून वाचनालयाला कुलूप लावत नाहीत. दुसरे कुणी म्हणेल, लॅपटॉप हवाच कशाला, सारे मोबाइलवर होते. त्यांनी एकदा वीस पानांचा प्रकल्प तळटीपांसह मोबाइलवर टंकलिखित करून पाहावा. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, मी शाळेत होते. घरात चालता फोन एकच, दादाचे तास आणि माझे तास एकाच वेळी. पाच इंचांच्या पडद्यावर फळ्याचा कोपरा तेवढा दिसायचा. त्या वर्षी काय शिकले ते आजही मला नीट सांगता येत नाही.

सर्वांना पुस्तके विकत घेणे शक्य नाही, हे आपल्या राज्याने फार पूर्वी ओळखले होते. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. पुस्तके दुकानांत मिळतात, तेव्हा ज्याने त्याने घ्यावीत, असे तेव्हा कुणी म्हटले नाही. मग आज ‘रिचार्ज दुकानात मिळतो’ हे उत्तर आम्हाला का दिले जाते? डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ नावाची योजना मंजूर केली. किराणा दुकान, चहाची टपरी अशा ठिकाणांहून परवाना शुल्काशिवाय लोकांना वाय-फाय देता यावे, असा तिचा हेतू. नाव ऐकून गल्लीतल्या वाण्याचीच आठवण व्हावी! पण आमच्या वाण्याकडे अजून साखर आणि तेलच मिळते.

इतक्या लांब कशाला जा? वस्त्यांमधून अभ्यासिका आहेत. तिथे पंखा असतो, ट्यूबलाइट असते, महापुरुषांच्या तसबिरी असतात आणि परीक्षेच्या दिवसांत बसायला जागा नसते. त्या खोलीत ब्रॉडबँडची एक तार आणली तर तीस-चाळीस मुलांची रात्रीची उसनवारी थांबेल. महिन्याचा खर्च एखाद्या मंडळाच्या एका दिवसाच्या लाउडस्पीकरपेक्षा अधिक होणार नाही, असे मला वाटते. आपल्या महाविद्यालयातही तार आहे. कार्यालयात आहे, संगणक कक्षात आहे, ग्रंथालयातही आहे. मात्र ग्रंथालयातला पासवर्ड कर्मचाऱ्यांपुरता आहे आणि ग्रंथालय साडेपाचला बंद होते. ज्या मुलांना दुपारनंतर नोकरी असते ती साडेपाचला कुठे असणार?

यासाठी आम्ही काही विद्यार्थ्यांनी प्राचार्यांच्या नावे एक अर्ज लिहिला आहे. ग्रंथालय आठवड्यातून निदान तीन दिवस रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे, ओळखपत्राच्या क्रमांकावर विद्यार्थ्यांना वाय-फाय मिळावे, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या महिन्यात दोन संगणक त्यासाठीच राखून ठेवावेत, एवढेच त्यात आहे. ग्रंथपालांनी तो आपल्या टेबलावर नोंदवहीशेजारी ठेवू दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. हा लेख देईपर्यंत त्यावर सत्तेचाळीस सह्या झाल्या होत्या. खाली आणखी दोन कोरे कागद जोडले आहेत आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवले आहे.