सांगावे की झाकावे?

दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही आपल्या घरांतली शिकवण. पण ती कुठेही लावली की नुकसान होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ पाहा. घर विकणाऱ्याने, आपल्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष स्वतःहून सांगायचा असतो. आयुर्विम्याच्या अर्जात मधुमेह लपवला, तर पहिल्या ३ वर्षांत कंपनी त्या कारणावरून पॉलिसीला आव्हान देऊ शकते. भोगावे लागते ते मागे राहिलेल्या बायका-मुलांना.

मग स्थळाची चौकशी आली तर? हजरत फातिमा बिन्त कैस (र.) यांनी दोन स्थळांबद्दल विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) एकाची गरिबी आणि दुसऱ्याचा कठोरपणा स्पष्ट सांगितला, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

म्हणून शेजारणीने, "मुलगा दारू पितो का हो?" असे विचारले, तर "अल्लाह जाने" म्हणून सुटू नका. ऐकीव सोडून, खात्रीने ठाऊक असेल तेवढेच तिला एकटीला सांगा. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी दावतीत काढलीत, तर मात्र ती गीबत झाली.