तिकिटाच्या आधीचे पैसे

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना मदत करणाऱ्या एका छोट्या ट्रस्टचे काम मी करते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून आलेले अर्ज वाचायचे, मुलांशी बोलायचे, कागद पुरे करून घ्यायचे आणि फाइल विश्वस्तांपुढे ठेवायची. दाते भले असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘‘मुलाचं विमानाचं तिकीट आम्ही काढलं तर चालेल का?’’ चालेल, नक्कीच चालेल. पण तिकिटापर्यंत पोचणारी मुले मुळात थोडी, आणि पोचली त्यांचे तिकीट बहुधा सरकारी शिष्यवृत्तीतूनच निघते.

हे जरा उलगडून सांगते. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, दरवर्षी ७५ जागा. इतर समाजघटकांसाठीही आता वेगवेगळ्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासूनची. निवड झाली की विद्यापीठाचे शुल्क, राहण्याखाण्याचा भत्ता, जाण्यायेण्याचे विमानभाडे, सगळे मिळते. योजना चांगल्या आहेत. या योजनांमुळे शेतमजुरांची मुले जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकून आली. अडचण एवढीच, की अर्ज करायचा तर हातात विद्यापीठाचे प्रवेशपत्र हवे, आणि ते मिळेपर्यंतचा, पुढे शिष्यवृत्तीचे पैसे हाती येईपर्यंतचाही, खर्च ज्याचा त्याने करायचा.

तो खर्च किती? आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजार रुपये. कमी गुण पडले तर पुन्हा तेवढीच. परीक्षेला, व्हिसाच्या बायोमेट्रिकला आणि क्षयरोगाच्या तपासणीला हैदराबाद नाही तर पुणे-मुंबई गाठायचे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची नुसती अर्जाची फी प्रत्येकी सहा-सात हजारांच्या पुढे. इंग्लंडच्या व्हिसाला पाचशे पौंडांच्या वर, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या एम.ए.ला व्हिसा सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून हा अधिभार दीड वर्षाचा, म्हणजे ११६४ पौंड, एकरकमी भरावा लागतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही हे ऐकून मुले हरखतात. पण तिथे वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात दाखवावे लागतात. इंग्लंडचाच हिशेब धरला तरी घर सोडण्याआधी दोन लाख रुपये सहज लागतात. त्यातले काही पुढे शिष्यवृत्तीतून परत मिळतेही, पण आधी खिशातून भरावे लागते आणि खिसा तर रिकामा असतो.

दोन लाख म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला ५,३२८ रुपये धरून, साडेसदतीस क्विंटल सोयाबीन. आमच्याकडच्या कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल निघाले तर लोक वर्ष बरे गेले म्हणतात. म्हणजे सहा-सात एकरांचे सगळे पीक, खत-बियाणे-फवारणीचा खर्च न काढता. ज्याला सहा एकरच नाहीत त्याने काय करायचे? शिष्यवृत्तीची हमी देऊन हा पहिला खर्च मुलावर सोडणे म्हणजे सुगीचा भाव आधीच ठरवून पेरणीला बियाणे न देणे आहे.

पैशाइतकेच कागदही अडवतात. औसा तालुक्यातल्या एका मुलीची फाइल सांगते. वडील लातूरच्या मार्केट यार्डात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. पोरीला एम.एस्सी.ला चांगले गुण, आणि इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकायची तिची इच्छा. तिने टेबलावर कागद मांडले. गुणपत्रिकेवर आपल्याकडच्या रीतीने आधी आडनाव, मग तिचे नाव, मग वडिलांचे. आधारवर आधी तिचे नाव, आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पासपोर्टवर तिन्ही शब्द नावाच्या रकान्यात, आडनावाचा रकाना कोरा. माणूस एकच, कागदोपत्री तीन. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, पासपोर्टची दुरुस्ती. दर फेरीला वडिलांची एक दिवसाची हमाली बुडायची. ते सोबत यायचे, बाहेर बाकावर बसून राहायचे आणि निघताना एकच विचारायचे, ‘‘ताई, आता अजून काय राहिलं?’’

राहिले होते ते शिफारसपत्र. परदेशी विद्यापीठ शिक्षकाला थेट दुवा पाठवते, आणि अनेक ठिकाणी शिक्षकाचा ई-मेल महाविद्यालयाचा असावा अशी अट असते, साधा जीमेल चालत नाही. या मुलीला सगळ्यात जवळून ओळखणारे सर तासिका तत्त्वावर होते. वर्षानुवर्षे शिकवत होते, तिचा प्रकल्प त्यांनीच करून घेतला होता, पण महाविद्यालयाचा ई-मेल त्यांना कधी मिळालाच नव्हता. ज्यांच्याकडे तो होता, त्यांना ही मुलगी कोण हे ठाऊक नव्हते. आमच्याकडच्या किती महाविद्यालयांत शिकवण्याचे ओझे अशा तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकांच्या खांद्यावर आहे, हे वेगळे सांगायला नको. पैसा न लागता सुटेल असा हा प्रश्न आहे. प्राचार्यांनी ठरवले तर एका दुपारचे काम. ते होत नाही तोवर चांगल्या मुलांची पत्रे त्यांना न ओळखणारी माणसे लिहीत राहणार.

ती मुलगी त्या वर्षी गेली नाही, पुढच्या वर्षी गेली. पण पुढच्या वर्षापर्यंत थांबणे सगळ्यांना जमत नाही. मुलगी असेल तर घरात स्थळे यायला लागतात, मुलगा असेल तर तो पुण्याला कंपनीत लागतो आणि विषय संपतो.

यात नवे काही नाही, हेही सांगितले पाहिजे. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला, महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीचा. सयाजीरावांची ही मदत आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण १९१७ मध्ये मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले, हे आपण कमी सांगतो. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातल्या नोकरीतून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या पाच हजारांच्या कर्जावर. दोन्ही महाराजांची नावे सगळ्यांना पाठ आहेत. भथेनांचे नावही मुलांना माहीत असावे असे मला फार वाटते, कारण अडल्या वेळी मधला खड्डा बुजवायला हात देणारा माणूस तो होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यासाठी सरकारकडून पैसा मिळवला, तो का, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

परदेशी शिक्षणासाठी जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीची रीतही मला पटते. पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. नंतर जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीतून, आणि के. आर. नारायणन लंडनला. ही मदत कर्जाऊ असते. शिकून आलेल्याने परत केलेले पैसे पुढच्याला मिळतात, म्हणून निधी सव्वाशेहून अधिक वर्षे आटला नाही. फक्त त्याला जामीनदार लागतो, आणि मुखेड-कंधारकडच्या भूमिहीन घराला जामीन राहणारा माणूस शोधणे सोपे नसते.

मराठवाड्याला हे सगळे उशिरा मिळाले. निजामाच्या राज्यातून सरोजिनी नायडू १८९५ मध्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. आम्ही त्याच राज्यात होतो, पण नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० मध्ये, लातूरला शाहू कॉलेज १९७० मध्ये आणि आमचे विद्यापीठ १९९४ मध्ये. परीक्षांच्या कसून तयारीच्या लातूर पॅटर्नने मेहनत काय करू शकते ते दाखवून दिले. पण त्याने एक सवयही लावली. शिक्षण म्हणजे डॉक्टर नाही तर इंजिनिअर. नीटला जागा हुकली की एजंटमार्फत रशिया, चीन, युक्रेन. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा आमच्या जिल्ह्यांतली मुलेही तिथे अडकली होती. त्यांच्या आई-वडिलांनी लाखो रुपये उभे केले होते. त्याच गावातल्या बी.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलाला चेव्हनिंग किंवा इरॅस्मस मुंडस या शिष्यवृत्त्यांत पूर्ण खर्च मिळू शकतो, हे कुणी सांगितलेले नसते. बुलढाणा जिल्ह्यातून चेव्हनिंगवर लंडनला गेलेले राजू केंद्रे आणि त्यांची एकलव्य इंडिया फाउंडेशन ही माहिती खेड्यांतल्या पहिल्या पिढीच्या मुलांपर्यंत नेत आहेत. तसे काम करणारी माणसे आमच्या प्रत्येक तालुक्यात हवीत.

मुलाच्या सगळ्या गरजांचा विचार करणारी मदत आम्ही इथे पाहिलेली आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेले आणि राहणे, जेवण, कपडे, पुस्तके, सगळे पाहिले. नुसती फी भरून ती मुले शिकली नसती.

म्हणून नांदेड-लातूरच्या दात्यांना माझी विनंती आहे. तिकीट काढू नका, एका मुलाची आयईएलटीएसची फी भरा. एका मुलीचा व्हिसा आणि आरोग्य अधिभार कर्जाऊ द्या, शिष्यवृत्तीचे पैसे आले की ती परत करील. ज्यांची स्वतःची मुले आज लंडन-बर्लिनला आहेत त्यांनी महिन्यातून एक तास त्या मुलांना आमच्या अर्जदारांशी फोनवर बोलायला लावावे. प्राचार्यांनी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना महाविद्यालयाचा ई-मेल द्यावा. आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांनो, आजच पासपोर्ट आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून नाव ताडून पाहा. पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू होण्याआधी दुरुस्तीला अजून वेळ आहे.