समुद्र नसलेल्या प्रदेशाची जकात

राजवाड्यासमोरच्या चौकातून कोणत्याही दिशेस वळले तरी बाजार लागतो. एकीकडे सराफा, दुसरीकडे कापडबाजार, पलीकडे खजुरी बाजार. या दुकानांतील पुष्कळसा माल दुरून आलेला असतो आणि माळव्यात पिकलेला माल दूर जावयाचा असतो. परंतु या शहरास बंदर नाही आणि मालाची नौका चालावी अशी नदीही नाही. मध्य प्रदेशाच्या सभोवार उत्तर प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, गुजरात व राजस्थान ही पाच राज्ये आहेत. समुद्र कोठेच नाही. म्हणून येथील व्यापारात मालाच्या मूल्याइतकेच वाटेच्या मूल्यासही महत्त्व आहे.

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा आहे, ही समजूत आम्हांस बरोबर वाटत नाही. माळव्यातील सोयाबीनची पेंड परदेशी जाते, तेव्हा तिचा भाव तेथील बाजार ठरवितो. त्या भावातून जहाजाचे भाडे, बंदराचा खर्च, आगगाडीचे अथवा ट्रकचे भाडे वजा होत होत जे उरते, त्यातूनच शेतकऱ्यास मोल मिळते. उलट बाहेरून येणारे यंत्र विकत घेताना हाच खर्च किमतीत मिळविलेला असतो. विकताना वजाबाकी आणि घेताना बेरीज, दोन्ही वेळा भरणारे आपणच! वाटखर्च ही एक जकातच होय. फक्त तिची पावती कोणास मिळत नाही.

ही जकात कशामुळे वाढते? लांब अंतरामुळे, असे उत्तर कोणीही देईल. परंतु आपल्याच प्रदेशाचा इतिहास काही निराळे सांगतो. एकोणिसाव्या शतकात माळव्यातून अफूची मोठी निर्यात होत असे. वस्तू निंद्य खरी, पण तिचा हिशेब बोधप्रद आहे. कंपनी सरकारच्या मुंबई बंदराची वाट टाळून कित्येक व्यापारी ती राजपुतान्यातून कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणला नेत. ही दुसरी वाट मोकळी होती, तोवर मुंबईच्या परवान्याचे शुल्क कंपनीस बेताचे ठेवावे लागे. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ती वाट बंद झाली. पेटीमागे 125 रुपये असलेले शुल्क 1847 पर्यंत 400 रुपयांवर गेले. मुंबईचे अंतर तेच, बैल तेच, घाटही तेच. केवळ दुसरी वाट नाहीशी झाली होती.

दुसरा दाखला आगगाडीचा. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत 101 वर्षे! संस्थानाने सरकारास कर्ज द्यावे, एवढी निकड समुद्राकडे जाण्याची होती. नर्मदेवर पूल झाला, पाताळपाणीच्या घाटात बोगदे झाले. परंतु मुंबईकडील लोहमार्ग ब्रॉडगेज आणि हा मीटरगेज. त्यामुळे मुंबईस जाणारे प्रत्येक पोते खंडव्यास एका डब्यातून उतरून दुसऱ्यात चढू लागले. त्याची हमाली, मोडतोड, चोरी आणि खोळंबा हे सारे मालाच्या किमतीवर चढले. डोंगर आणि नदी यांवर इंजिनियरांनी मात केली, पण माणसानेच ठरविलेल्या रुळांच्या रुंदीतील फरक सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला. महू ते ओंकारेश्वर रोड या भागात मीटरगेजची गाडी 2023 पर्यंत धावत होती.

आजही आगगाडीने मुंबईस जावयाचे तर रतलाम-वडोदऱ्याचा वळसा घेऊन सुमारे 830 किलोमीटर पडतात. सडकेने ते अंतर 600 किलोमीटरांच्या आत आहे. म्हणून 309 किलोमीटरांच्या इंदूर-मनमाड लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी मंजुरी दिली, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. त्याचा अंदाजी खर्च 18,036 कोटी रुपये आहे. मात्र नवा मार्ग झाला की सारे साधले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. धावणाऱ्या ट्रकचा खर्च असतो, तसा उभ्या ट्रकचाही असतो. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. सडक हातभरही रुंद झाली नाही, तरी नाक्यावरील रांगेचा वेळ वाचला. पीथमपूरजवळ तिही येथील कंटेनर डेपोचेही तत्त्व हेच आहे. सीमाशुल्काची तपासणी येथेच व्हावी आणि मोहरबंद पेटी थेट बंदरास जावी, म्हणजे बंदराचे दारच जणू माळव्यात येते.

तपासणी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. कर न मिळाला तर सडका होणार नाहीत आणि तपासणी न झाली तर चोरट्या मालाचे फावेल. ती एकदाच व्हावी, ठराविक जागी व्हावी आणि ठराविक वेळेत संपावी, एवढेच आमचे मागणे आहे.

जगात 32 विकसनशील देश असे आहेत की त्यांना समुद्रकिनारा नाही. अशा देशांचा वाहतूकखर्च किनारी देशांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी अधिक पडतो, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात आढळले. स्वतःचे आणि शेजाऱ्याचे मार्ग सुधारले, तर या तोट्याचा बराच भाग भरून निघतो, असेही त्यात दिसून आले. शेजाऱ्यावरचे हे अवलंबन किती नाजूक असते, हे नेपाळने अनुभविले आहे. 2015 च्या अखेरीस भारत-नेपाळ सीमेवरील वाहतूक काही महिने अडली, तेव्हा काठमांडूत स्वयंपाकाचा गॅस, इंधन आणि औषधे दुर्मीळ झाली. उलट स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही. परंतु 1868 च्या मॅनहाइम करारानुसार ऱ्हाइन नदीतील जलवाहतूक मोकळी राहिली आणि बाझेलपर्यंत मालाच्या नौका येत राहिल्या. किनारा नसणे हे दारिद्र्याचे विधिलिखित नव्हे.

या देशांच्या तुलनेत आपण भाग्यवान आहोत. नेपाळास समुद्रापर्यंतच्या वाटेसाठी तह करावा लागतो. आपल्या संविधानाच्या 301 व्या अनुच्छेदाने भारतभर व्यापार व दळणवळण मुक्त असल्याचे सांगितले आहे. मुंबई आणि कांडला ही बंदरे आपलीही आहेत. हा हक्क कागदावरून रस्त्यावर उतरविणे, हे काम उरले आहे.

त्यातील थोडे काम आपल्या हाती आहे. शेकडो किलोमीटर आलेला माल राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत अखेरचा अर्धा मैल जाताना अडतो, कारण आपल्यापैकीच कोणी खरेदीसाठी वाहन वाटेत उभे केलेले असते. वाहन दूर ठेवून चार पावले चालावे आणि दुकानदारांनी माल पहाटे उतरवून घ्यावा, यास सरकारी मंजुरी लागत नाही. विद्यार्थ्यांनी आठवडाभर त्या भागातील एखाद्या नाक्यावर घड्याळ घेऊन उभे राहावे, प्रत्येक हातगाडी आणि लोडिंग रिक्षा किती मिनिटे खोळंबली ते वहीत टिपावे आणि ती बेरीज नगरपालिकेकडे व व्यापारी मंडळींकडे पाठवावी, असे आम्ही सुचवितो. भूगोलाचा आणि अर्थशास्त्राचा असा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.