म्हणे, एवढंच राहतं!

मागच्या दिवाळीत भाच्यानं पुण्याहून माझ्या लेकीसाठी बिस्किटाएवढं हिरवं कासव आणलं. दुकानदार म्हणाला होता, "काही लागत नाही हो याला. काचेच्या भांड्यात ठेवा, चिमूटभर सुका जवळा टाका. एवढंच राहतं."

उन्हाळ्यापर्यंत पाठ मऊ पडली, डोळे सुजले. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "ऊन देता का? बसायला कोरडी जागा?" आम्हाला कुठं ठाऊक! उन्हाशिवाय कवच घट्ट होत नाही म्हणे, आणि नुसत्या जवळ्यावर भागत नाही.

हे कानाशी लाल पट्टा असलेलं कासव मूळचं अमेरिकेचं. फूटभर वाढतं, २०-३० वर्षं जगतं. मग कंटाळलेली माणसं पुण्य म्हणून ते भीमेत सोडतात आणि आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घास जातो.

२०१८च्या नियमांनुसार अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती विचारायला काय हरकत आहे? मैत्रिणींनो, साडी घेताना आपण रंग जाईल का, आटेल का, दहादा विचारतो. जीव घेताना मात्र गप्प!

आमचं कासव आता गच्चीवर टबात आहे. मध्ये वीट ठेवलीय, सकाळी तिच्यावर पाय पसरून ऊन खातं. त्याला हात लावला की लेक साबणानं हात धुते, न सांगता.