फगवाड्याचे इंदरसिंग

मराठी घरात ‘स्ट्रायकर’ म्हटले की आधी कॅरमची जाड सोंगटी डोळ्यांपुढे येते. फुटबॉलमधील स्ट्रायकर निराळा. आघाडीवर राहून तो संधीची वाट पाहतो आणि ती येताच गोल करतो.

चंडीगडच्या सेंट स्टीफन्स अकादमीने दोन मोठे खेळाडू दिले, पण दोघेही मागच्या फळीतले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू 2014 साली नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला आणि 2016 मध्ये युरोपा लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला. बचावपटू संदेश झिंगन 2021 साली क्रोएशियात गेला. दुखापतीमुळे बिचारा एकही सामना न खेळता परतला. परदेशी क्लबांची ही वाट मुळी नव्हतीच, त्या काळातील एका स्ट्रायकरची हकीकत आज सांगावयाची आहे.

चंडीगडहून जालंधरकडे जाताना फगवाडा लागते. तेथे 1943 साली जन्मलेले इंदरसिंग 1964 मध्ये आशियाई करंडकासाठी इस्राएलला गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते. दक्षिण कोरिया व हाँगकाँग यांच्याविरुद्ध त्यांनी एकेक गोल केला. त्या स्पर्धेत याहून अधिक गोल कोणीच केले नाहीत. इस्राएलच्या स्पीगलरने बरोबरी साधली, एवढेच. भारत दुसरा आला. त्याहून वरचे स्थान आपल्याला या स्पर्धेत पुढे कधीच लाभले नाही. 1967 व 1968 साली आशियाच्या निवडक संघात इंदरसिंग यांची निवड झाली आणि 1969 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

एवढे नाव झाले की कलकत्त्याच्या बड्या क्लबांत जावयाचे, हा तेव्हाचा रिवाज. इंदरसिंग मात्र जालंधरच्या लीडर्स क्लबात राहिले व नंतर फगवाड्याच्या जेसीटी गिरणीच्या संघात आले. यात त्यांचे नुकसान झाले काय? प्रसिद्धीचे झाले असावे. खेळाचे झाले, असे मला वाटत नाही. 1974-75 च्या संतोष करंडक स्पर्धेत त्यांनी एकट्याने 23 गोल केले आणि जालंधरच्या अंतिम सामन्यात पंजाबने बंगालला 6-0 असे हरविले!

खेळणे थांबविल्यावर त्यांनी जेसीटीच्याच मुलांना शिकविले. याच संघाने 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. तेव्हा त्यात खेळणारा तरुण स्ट्रायकर बायचुंग भुतिया 1999 साली इंग्लंडच्या बरी क्लबात गेला.

2011 मध्ये जेसीटीचा संघ बंद झाला. घर न सोडता मोठे फुटबॉल खेळावयाचे तर कोठे, हा प्रश्न फगवाड्याच्या मुलांपुढे तेव्हा नव्याने उभा राहिला.