किल्ली खरी, पण घर कुणाचं?

दुसऱ्या गावातला कम्प्युटर आपल्या टेबलावरून चालवायचा, तर ‘एसएसएच’ ही सोय वापरतात. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या तातू युलोनेन यांनी ती १९९५ साली तयार केली. विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले होते. त्यावरचा हा बंदोबस्त!

यात पासवर्डऐवजी कुलूप-किल्लीची जोडी वापरता येते. किल्ली तुमच्याजवळ राहते. कुलूप मात्र दूरच्या कम्प्युटरवर, तुमच्या ‘होम’ फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात. किल्ली जुळली की दार उघडतं.

पण कधी कधी किल्ली बरोबर असूनही ‘परमिशन डिनाइड’ असं उत्तर येतं. असं का होतं?

समजा, घरच्या जुन्या लिनक्स कम्प्युटरवर आधी ताईचं खातं उघडलं, मग तुमचं. बऱ्याच लिनक्समध्ये पहिल्या खात्याला १००० आणि दुसऱ्याला १००१ क्रमांक मिळतो. नव्या कम्प्युटरवर तुम्ही घाई केलीत! तुम्ही झालात १००० आणि ताई १००१. मग जुनी डिस्क नव्याला जोडून तिच्यावरचेच होम फोल्डर वापरायला घेतले. इथेच गडबड झाली. फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, क्रमांक असतो. त्यामुळे तुमचं सगळं सामान ताईचं झालं, आणि ताईचं तुमचं!

एसएसएचचा पहारेकरी किल्ली बघण्याआधी घराचा मालक बघतो. का? तुमच्या फोल्डरात दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तर तो आपलं कुलूप तिथे ठेवील आणि स्वतःच्या किल्लीने, तुमच्या नावावर आत शिरेल.

काही जण वैतागून सगळ्या फाइलींना ७७७ परवानगी देतात. म्हणजे ‘या, कुणीही या!’ पहारेकरी तर यावर आणखीच बिथरतो. तेव्हा दार सताड उघडू नका, मालक दुरुस्त करा.

त्यासाठी प्रत्यक्ष त्या कम्प्युटरसमोर बसा. आई-बाबांना विचारून मुख्य, म्हणजे ‘रूट’ अधिकार घ्या. आधी पहारेकऱ्याची नोंदवही, म्हणजे ‘लॉग’ वाचा. मालकी चुकली असेल तर बहुधा तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मग ‘सीएच-ओन’ या आज्ञेने तुमचा होम फोल्डर तुमच्या नावावर करा आणि ताईचा ताईच्या. एंटर दाबण्यापूर्वी फोल्डरचं नाव दोनदा वाचा बरं का! ही आज्ञा चुकून सगळ्या डिस्कवर चालली, तर कम्प्युटर कोलमडेल.

मग ‘सीएच-मॉड’ने परवानग्या नीट करा. हिशेब सोपा आहे. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. (फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे आत शिरणं.) कुलपाच्या फोल्डरला ७०० द्या, आतल्या फाइलीला ६००. झालं, किल्ली फिरलीच!

आता तुम्ही सांगा : होम फोल्डरला ७५५ असेल तर पहारेकरी आत सोडील का? आणि ७५७ असेल तर?

(उत्तर : ७५५ चालेल, कारण ५ म्हणजे ४ + १, लिहिणं नाही. ७५७ मध्ये इतरांना लिहिता येतं, म्हणून दार बंद!)