गेलेल्याचा हिशेब आणि उरलेल्याची धाव

माननीय आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, यांसी

महोदय,

या पत्रातील मागणी लहान असून तिच्यासाठी नवी इमारत उभारावी लागत नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो; कारण नागरिकाची दरखास्त टेबलावर येताच तिच्या पाठीमागे अंदाजपत्रकातील केवढा आकडा दडला असेल, ही शंका कारभार पाहणाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या नगरीतील ज्या अपंग स्त्री-पुरुषांना धावण्याची हौस असेल, त्यांना आठवड्यातील मुक्रर दिवशी, मुक्रर जागी, जाणत्या सोबत्यांसह धावता यावे, अशी तजवीज महानगरपालिकेने करावी, एवढेच माझे मागणे आहे.

१९४८ साली एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. आणि इंग्लंडातील स्टोक मॅन्डेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात जायबंदी होऊन चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या सोळा सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली, जिच्यातून पुढे पॅरालिंपिक स्पर्धांचा उगम झाला. आपल्या कायद्यात अंगहानीचे कोष्टक आले. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली, असा त्याचा दर त्यात लिहिला गेला. हे कोष्टक न्यायाचे आहे आणि ते मिळविण्यासाठी कामगारांना झगडावे लागले, याची मला जाणीव आहे. तथापि गेलेल्या अवयवाचा असा चोख हिशेब मांडणाऱ्या व्यवस्थेने, त्या माणसाच्या ठायी जे उरले त्याची नोंद कोणत्याच दप्तरात केलेली नाही. गुटमन यांनी मात्र आरंभच तेथून केला.

भोसरीच्या लघुउद्योगांत आणि चाकणच्या वाहननिर्मितीला सुटे भाग पुरविणाऱ्या गाळ्यांत पॉवर प्रेसखाली बोटे गमावलेला कामगार आपल्या नगरीला अपरिचित नाही. याउलट दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून खडकीत गेले, तर १९१७ साली मुंबईत स्थापन होऊन पुढे तेथे आलेली, अपंग जवानांना हुन्नर शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट दिसते, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून चालू असलेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र दिसते. सैन्याने खेळाला उपचाराचे अंग मानले, म्हणूनच पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडल्यावर, पोहण्याकडे वळू शकले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवू शकले. हेच पेटकर पुढे पुण्यात टेल्को या वाहननिर्मिती कंपनीच्या सेवेत होते. सैनिकाला जे मिळाले ते यंत्रावरच्या माणसाला, आणि यंत्राशी संबंधच न आलेल्या जन्मांध मुलीला, का मिळू नये?

धावण्यासाठी यांना काय लागते, हे तपशिलाने सांगणे अवश्य आहे. अंध धावकाला एक आखूड दोरी आणि ती दुसऱ्या टोकाला धरणारा सोबती लागतो. सोबत्याची गती धावकाहून सरस असावी, पावले जुळलेली असावीत, वळण, खड्डा आणि गतिरोधक त्याने बोलून सांगावेत, मात्र ओढू नये. स्पर्धेत तर अंतिम रेषा धावकानेच आधी ओलांडली पाहिजे, असा नियम आहे. पॅरिस येथे २०२४ साली सिमरन शर्मा यांनी २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या बाजूला अभय सिंह धावत होते. कृत्रिम पायावर धावणाऱ्याची अडचण निराळी आहे: रोजच्या चालण्याचा पाय धावण्यासाठी घडविलेला नसतो, खोबणीत घाम साचून कातडी सोलवटते, आणि कार्बन तंतूंचे पाते सामान्याच्या ऐपतीबाहेरचे असते, म्हणून त्याने किती अंतरावर थांबावे हे सांगणारा भौतिकोपचारतज्ज्ञ जवळ हवा. बहिऱ्याला शिट्टीऐवजी निशाण पुरते. मतिमंद मुलाला दर खेपेस तोच ओळखीचा चेहरा शेजारी हवा असतो. तात्पर्य, जे उणे आहे ते बहुतांशी माणसाच्या सोबतीचेच आहे. न्यूयॉर्कमध्ये स्वतः एका पायाने अधू असलेल्या डिक ट्रॉम यांनी १९८३ साली अकिलीज ट्रॅक क्लब सुरू केला, तो याच सोबतीच्या आधारावर; आणि पुण्यात दिव्यांशू गणात्रा या अंध साहसवीराने स्थापिलेल्या अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनने डोळस आणि अंध यांना एकाच दुहेरी सायकलवर बसवून तेच तत्त्व आपल्याकडे सिद्ध केले आहे.

येथे एक आक्षेप निश्चित येईल. ज्याला बसमध्ये चढता येत नाही, ज्याचे निवृत्तिवेतन महिनोन्महिने रखडते, त्याच्यासाठी धावण्याची चैन कशाला? आक्षेप सद्भावनेचा आहे, परंतु त्यात एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे. दुर्गा टेकडीवर प्रभातकाळी धावणाऱ्या धडधाकट गृहस्थाला आपण कधी विचारीत नाही की हे कोणत्या गरजेपोटी चालले आहे. त्याला धावावेसे वाटते, एवढे कारण आपल्याला पुरते. अपंगाने मात्र प्रत्येक गोष्ट गरजेच्या सदराखाली मागावी, आणि आनंदाची गोष्ट मागितली तर तिचे औषधी गुण सिद्ध करून दाखवावेत, अशी आपली अपेक्षा असते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ इतका कृपण नाही. त्याच्या कलम ३० ने क्रीडेतील सहभाग हा हक्क मानून क्रीडास्थळांची फेररचना करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

सबब, विनंती पुढीलप्रमाणे. इंद्रायणीनगर येथील क्रीडासंकुलाची धावपट्टी आठवड्यातून दोन वेळा, एकदा सकाळी आणि एकदा सायंकाळी, या गटासाठी विनाशुल्क राखून ठेवावी. दोन वेळा अशासाठी, की कारखान्यांच्या पाळ्या फिरत्या असतात. मोरवाडीच्या दिव्यांग भवनात सोबत्यांची नोंदवही ठेवावी आणि नगरीतील धावपटू मंडळांतून इच्छुकांना बोलावून दोरी धरण्याचे शिक्षण द्यावे. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय येथून घरी सोडताना, ज्या रुग्णाला झेपेल त्याच्या हाती या गटाचा पत्ता द्यावा. दुचाकी अडविण्यासाठी उद्यानांच्या दारांशी आणि पदपथांवर रोवलेले खांब चाकाच्या खुर्चीलाही अडवितात. त्यांची पाहणी खुर्चीवरील नागरिकाला बरोबर घेऊन करावी. खर्च दिव्यांग कल्याणासाठी राखीव असलेल्या पाच टक्के निधीतून भागू शकेल. चाकण आपल्या हद्दीबाहेर आहे हे मी जाणतो; परंतु तेथे राबणारे अनेक हात मोशी-भोसरीत राहतात, आणि आळंदीच्या अंध मुलींच्या शाळेपासून इंद्रायणीनगर दूर नाही.

शेवटी एक सूचना. अशा उपक्रमाचा मुहूर्त बहुधा ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला धरला जातो. मंडप पडतो, हार होतात, सत्कारमूर्ती खुर्चीत बसून राहतात आणि धावपट्टी दुसऱ्या दिवशी पूर्ववत बंद होते. हा उपक्रम कोणत्याही साध्या रविवारी, उद्घाटनावाचून सुरू व्हावा, आणि त्याचे यश पहिल्या दिवशीच्या गर्दीवरून न मोजता सहा महिन्यांनी किती जण नेमाने येतात यावरून मोजावे. तशी नोंद ठेवण्याचा हुकूम आपण दिलात, तर जे उरले त्याची दखल या महानगराच्या दप्तरात प्रथमच घेतली जाईल.



आपला नम्र,
एक नागरिक